वामनकाकांची राखण

वामनकाकांना कुणी नुसतं "कोण?" असं विचारलं तरी ते सगळं उत्तर द्यायचे. "तलवलीचा वामन. हौसेराव मढव्याचा पोर. गावदेवीच्या मागं पिवलं घर, दारान शेवग्याचा झार." कुरिअरवाल्याला फक्त सही हवी असायची, त्याला हे सगळं मिळायचं. कर्ज हवंय का असं विचारणाऱ्या मुलींचा फोन आला की काका आधी आपली ओळख करून द्यायचे, मग त्या मुलीचं गाव विचारायचे, मग तिच्या आईचं माहेर. शेवटी मुलगीच फोन ठेवून द्यायची. "बिचारीची नोकरी घालवाल एक दिवस," त्यांच्या बायको मालतीबाई आतून ओरडायच्या. काकांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. विचारलं तर सांगायचं. माणूस आणि काय करणार?

आम्ही त्यांच्याकडे खोली बघायला आलो तेव्हाही हेच झालं. त्याआधी दोन घरांत माझ्या बाबांचं नाव विचारलं गेलं होतं आणि नाव ऐकल्यावर खोली अचानक भरलेली निघाली होती. नाव किती सांगायचं आणि कुठे थांबायचं, याचा आमच्या घरात चांगला सराव आहे. बाबा म्हणाले, "मी सदाशिव. जालन्याकडचा." आणि थांबले. वामनकाका उरलेलं ऐकायला तसेच उभे.

"पुढं?"

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"येवढंच? मानसाला मागंपुढं काय नसतं कं?" असं म्हणून काका हसले आणि त्यांनी किल्ली काढली. जिना चढता चढता बाबांनी आडनाव सांगून टाकलं. काका म्हणाले, "बरं. पानी सकालचं सातला येतं." त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो.

नाव सांगण्याची ही सवय त्यांना खाडीच्या बांधावर लागली होती. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे मढव्यांचं मिठागर होतं आणि त्याला लागून थोडी खारी भातजमीन. बांधात एक लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी त्यातून आत घ्यायचं, ओहोटीला बाहेर सोडायचं. उघाडीच्या तोंडाशी मासळी जमते, म्हणून चोर यायचे. हौसेराव पोराला तिथे राखणीला बसवायचा. हातात काठी असायची, पण ती चालवायची नाही असा दंडक होता. चाहूल लागली की उभं राहायचं आणि मोठ्याने नाव घ्यायचं. आपलं, बापाचं, गावाचं, घराचं. चोर आजूबाजूच्याच गावचा असायचा. नाव कानावर पडलं की त्याला कळायचं, आपल्याला ओळखणारा इथे बसलाय आणि उद्या सकाळी तो आपल्या दारात येऊन उभा राहू शकतो.

"नाव घेतलं का पलतो," काका सांगायचे. "काटीला नाय भीत कोन."

पुढे जमीन शहरात गेली. मिठागराच्या जागी आधी भराव आला, मग रस्ता. काका एका रसायनांच्या कारखान्यात गेटवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मिळालेल्या मोबदल्यातून गावठाणात हे चार मजल्यांचं पिवळं घर उभं राहिलं. वर भाडेकरू, खाली हे चौघं: काका, मालतीबाई, मोठा केतन आणि धाकटी नमिता.

नमिताला लहानपणापासून स्नायूंचा आजार आहे. चौथीपर्यंत ती चालत शाळेत गेली, मग भिंत धरून, मग केतनच्या पाठीवर बसून. आता पंचवीस उलटून गेली आहेत आणि खुर्ची आहे. बोटं अजून ऐकतात, त्यामुळे ती घरी बसून व्हिडिओंखालच्या पाट्या टाइप करायचं काम करते. आवाज मात्र बारीक झालाय, शेजारच्या खोलीत पोचत नाही. म्हणून काकांनी खुर्चीच्या हाताला सायकलची घंटी बसवून दिली. हाक मारायची झाली की नमिता घंटी वाजवते. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर "इकडे या", सारखी वाजत राहिली तर "आईला सांगा मालिका बंद कर, मी काम करतेय".

केतन महापेच्या एका कंपनीत आहे. त्याने तिच्या वाढदिवसाला डोळ्यांवर चढवायचा हेडसेट आणला. काका त्याला जाडा चष्मा म्हणायचे. तो लावला की माणूस दुसऱ्याच एका जगात उतरतो. तिथे रस्ते आहेत, बागा, मैदानं, दुकानं आहेत आणि जगभरातून आलेली माणसं आपापली रूपं घेऊन हिंडत असतात. त्या जगाला इंग्रजी नाव आहे, पण मढव्यांच्या घरात सगळे त्याला "तिकरं" म्हणायचे. तिकरं नमिता चालायची.

ती काय बघते ते केतनने हॉलमधल्या टीव्हीवर दिसेल असं करून दिलं होतं. संध्याकाळी चहा झाला की टीव्ही लागायचा आणि पडद्यावर निळी साडी नेसलेली एक उंच मुलगी भराभर चालू लागायची. पहिल्या दिवशी मालतीबाई पदर तोंडाला लावून बघत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांची टीका सुरू झाली.

"हलू चाल गं, बाय. परशील!"

"आई, तिकडे पडत नाहीत."

"नको शिकवूस. चालनारा मानूस परतोच."

तिथे ज्याला त्याला थोडी जागा मिळते, तिच्यावर हवं ते उभारता येतं. लोक किल्ले बांधतात, क्लब बांधतात. नमिताने वडिलांना विचारून मिठागर बांधायला घेतलं. काका टीव्हीसमोर बसून हुकूम सोडायचे. "उघारी आदी. बांद मंग. आगं, येवरा सरल बांद आसतो कं? खारीला सरल काय ठावं नाय." आठवड्यामागून आठवडे गेले. शेवटी खरंच एक बांध तयार झाला, वाकडा, दोन्ही अंगांना पाणी, पलीकडे उन्हात चमकणारे मिठाचे पांढरे चौकोन. नमिताने तिथलं आपलं नाव "मीठ" ठेवलं. लोक तो बांध बघायला यायला लागले. कोरियातली एक आजी रोज येऊन नुसतीच बसायची. मीही खाली जाऊन बघायची. मागच्या सोफ्यावर बसून एखादी मैत्रीण टीव्हीत चालताना बघणं आधी विचित्र वाटलं, मग रोजचं झालं.

त्या येणाऱ्यांतच केयूर होता. मराठी बोलायचा, पुण्याचा आहे म्हणायचा. बांधावर तिच्याबरोबर चालायचा, शंका विचारायचा, हसवायचा. आला की म्हणायचा, "आलो बघ." एके दिवशी नमिताने त्याला खुर्चीबद्दल सांगितलं. घंटीबद्दलही सांगितलं, गंमत म्हणून. तो चालता चालता थांबला आणि म्हणाला, "मग तू इथे खोटी आहेस." तिला वाटलं चेष्टा करतोय.

त्यानंतर तो तिच्यामागे लागला. ती जिथे जाईल तिथे हजर. "आलो बघ." म्हणायचा, खरी दाखव, खुर्ची दाखव, फोटो पाठव. ती नाही म्हणाली की इतका जवळ यायचा की तिला त्याच्या चेहऱ्यापलीकडे काही दिसायचं नाही. तिच्या अंगातून आरपार जायचा आणि पुन्हा यायचा. खुर्चीतल्या माणसाने हेडसेट लावला असेल आणि कुणी असं अंगावर आलं, तर मागे सरता येत नाही. तो पडदा नसतो, ते डोळ्यांसमोरचं जग असतं. तिने त्याला ब्लॉक केलं, तो दुसऱ्या नावाने आला. आपल्याभोवती एक वर्तुळ आखून घ्यायची सोय तिथे आहे. ते लावलं की कुणी जवळ येऊ शकत नाही. मग तो वर्तुळाच्या काठावर उभा राहून बोलायचा, आणि कोरियातल्या आजीलाही लांब बसावं लागायचं. चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, तपासणीत नियमभंग आढळला नाही, आपण सदर व्यक्तीस ब्लॉक करू शकता.

हे तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. टीव्हीची जोडणी मात्र काढून टाकली. संध्याकाळी टीव्ही काळा दिसायला लागला तसे काका अस्वस्थ झाले.

"चष्मा बिघरला कं?"

"नाही."

"मंग आमाला दिसत का नाय?"

"बाबा, माझं मी बघते ना."

तीन-चार संध्याकाळी असंच चाललं. मग एके दिवशी हेडसेट लावलेला असतानाच नमिताने घंटी वाजवली, ती थांबेचना. मालतीबाईंनी धावत येऊन तो काढला. नमिताच्या गालावर पट्ट्याचे वळ होते आणि ती रडत होती. मग सगळं बाहेर आलं.

केतन म्हणाला, "सोड ना ते. डिलीट मार. टेन्शन घ्यायला जायचं कशाला तिकडे?"

नमिता म्हणाली, "तुला कुणी रस्त्यात त्रास दिला तर तू पाय काढून ठेवतोस का?"

केतन उठून आत गेला. काका गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "मी येतो. राखनीला."

केतनच्या मित्राचा एक जुना हेडसेट आला. काकांना रूप निवडायचं होतं. त्यांना टोपी आणि लुंगी हवी होती, तिथे त्यातलं काहीच नव्हतं. शेवटी गवताची हॅट घातलेला एक जाडा माणूस घेतला. नाव ठेवलं "राखणदार". नमिताने त्यांना नियम पढवले. मी तिथेच होते.

"बाबा, नाव नाही सांगायचं."

"बरं."

"गाव नाही, घर नाही. कुणी विचारलं कोण, तर 'मीठच्या सोबत आलोय', बस."

"सोबत? बाप नाय?"

"बाप नाही सांगायचं."

काकांनी तिच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले, पण जरा वेळाने.

काही दिवस खरंच छान गेले. टीव्ही पुन्हा लागला. निळ्या साडीतली मीठ बांधावरून चालायची आणि मागे उघाडीपाशी हॅटवाला जाडा माणूस फतकल मारून बसलेला असायचा. केयूर आला नाही. बघायला येणाऱ्यांना काका गोष्टी सांगायला लागले. समोरच्याला भाषा कळते की नाही याची त्यांना फिकीर नव्हती. नियम पाळून गाव सांगायचे नाहीत, पण पुतळाची गोष्ट सगळ्यांना सांगायचे. पुतळा म्हणजे मिठागरावर टोपल्या वाहणारी त्यांच्याच वयाची एक मुलगी. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून पळायची आणि पळता पळता दुसऱ्याला शिव्या द्यायची. पुढे लग्न होऊन ती उरणकडे मोऱ्याला गेली. "आजून हाय जिती. आजून शिव्या देती," असं म्हणून काका हसायचे आणि हॅटवाला जाडा माणूसही हसायचा.

मालतीबाई म्हणायच्या, "घरान बसून बांदावर गेलं म्हातारं. आनि पुतलाबी सापरली तिकरं."

त्या संध्याकाळी मालतीबाई आणि मी वाल सोलत होतो. बाप-लेक दोघं चष्मे लावून समोर. टीव्हीवर ऊन कलतं होतं. बांधाच्या टोकाला पाच-सहा माणसं एकदम उगवली. पुढच्याचं नाव वेगळं होतं, पण तो म्हणाला, "आलो बघ."

नमिताचा हात खुर्चीवर घट्ट झालेला मला दिसला.

त्यांनी तिला घेरलं. मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली, ठरवून आलेली असणार. सगळे एकदम खाली बसले आणि बसल्या बसल्या सरकायला लागले, चाकांच्या खुर्चीत असल्यासारखे. तिच्याभोवती गोल. कुणीतरी तोंडाने घंटी वाजवत होता. "मीठ विरघळलं काय रे?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

हॅटवाला जाडा माणूस उठून मध्ये आला. हॉलमध्ये काकाही उठले, गुडघा टीपॉयवर आपटला.

"ए चाचा," केयूर म्हणाला, "तू कौन बे? भाड्याने आणलाय काय तुला?"

आणि वामनकाकांनी नाव घेतलं. मी त्यांचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. मोकळ्या जागेत लांबवर पोचायला लावतात तसा आवाज, चार भिंतींत मावेना. "तलवलीचा वामन हाय मी! हौसेराव मढव्याचा पोर! गावदेवीच्या मागं पिवलं घर, दारान शेवगा! यी माजी पोर हाय! हिंमत हाय तर दारान ये, मंग सांगतो कोन त्यो!"

हसणं थांबलं. पाच-सहा जण तसेच बसलेले राहिले आणि मग एकामागून एक नाहीसे झाले. केयूर शेवटी गेला.

काकांनी चष्मा काढला. घामाने डबडबले होते, डोळे चमकत होते. "पलाला! बगितलास? पलाला!"

मालतीबाईंनी नमिताच्या डोळ्यांवरून हेडसेट उतरवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, तुम्ही पत्ता दिलात."

"पत्ता कसला? नाव घेतलं नुस्तं."

"घर सांगितलंत. रंग सांगितलात. झाड सांगितलंत."

"सांगनारच. माजं हाय त्ये."

पुढचे काही आठवडे केयूर कुठल्याच नावाने आला नाही. काका ओट्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला ही हकीकत सांगायचे. हळूहळू नमिताही त्यांच्या बाजूला झुकायला लागली. मला म्हणाली, "कदाचित बाबांचं बरोबर असेल. कदाचित असल्या लोकांना कुणी खरं समोर आलेलं झेपत नसेल." त्या आठवड्यात ती बांध सोडून पहिल्यांदा खाडीच्या काठापर्यंत एकटी चालत गेली. पाण्यात पाय सोडून बसली. टीव्हीवर नुसतं पाणी दिसत होतं, आणि आम्ही ते बघत होतो.

गेटवर "रूम भाड्याने देणे आहे" अशी पाटी वर्षभर असतेच. एका दुपारी एक तरुण ती वाचून आत आला. मी तेव्हा वाशीला कामावर होते. पुढचं नमिताने सांगितलेलं आहे. तो नीटनेटका होता, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. काकांच्या पाया पडला. नाव आकाश सांगितलं, गाव सातारा. काकांना असा विचारल्यावर सांगणारा माणूस आवडतोच. वरची खोली दाखवायची म्हणून ते किल्ली आणायला आत गेले. मालतीबाई पाणी आणायला गेल्या होत्या.

हॉलमध्ये नमिता आणि तो, दोघंच. तो उठला, तिच्या खुर्चीपाशी आला. खुर्चीच्या हातावरच्या घंटीवर त्याने तळहात ठेवला, अलगद, एखाद्या लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. आणि वाकून म्हणाला, "आलो बघ."

मालतीबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा तो जागेवर बसला होता. पाणी प्यायला, वर जाऊन खोली बघितली, "लहान पडेल, काका" म्हणाला, पुन्हा पाया पडला आणि गेला. काकांनी त्याला गेटपर्यंत सोडलं. वर हात करून रिक्षा कुठे मिळेल तेही दाखवलं.

नमिता संध्याकाळपर्यंत बोलली नाही. घंटीही वाजवली नाही. मी कामावरून आले तेव्हा तिने खुणेने मला जवळ बोलावलं आणि सांगितलं. तिच्या आवाजात ते वाक्य ऐकायला मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. समोरच्या बाई चांगल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. विचारलं, त्याचं खरं नाव? माहीत नाही. फोन नंबर? नाही. तिथलं त्याचं काही जपून ठेवलंय का, चित्रं, बोलणं? नमिताने घाबरून आधीच सगळं पुसून टाकलं होतं. घरात आल्यावर त्याने काय केलं? पाणी प्यायला, खोली बघितली, एक वाक्य बोलला. त्या लिहीत होत्या. आम्हाला जे क्षणोक्षणी दिसत होतं ते कागदावर उतरताना इतकं किरकोळ होत होतं, की त्यांनाही ते जाणवलं असावं. म्हणाल्या, "मी मागे लागते. त्या कंपनीला पत्र जाईल, पण बाहेरची आहे, वेळ लागेल. असं करणारे बऱ्याचदा एवढ्यावरच थांबत नाहीत, म्हणून काळजी घ्या." मग विचारलं, "त्याला पत्ता कुठून मिळाला?"

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "मी दिला."

बाईंनी मान वर केली.

"राखनीला होतो," काका म्हणाले.

गेटवरची पाटी निघाली. दाराला जाळी लागली, बाहेर कॅमेरा आला. शेवगा काकांनी स्वतः तोडला. मालतीबाई म्हणाल्या, पाला गळतो म्हणून तोडा म्हणत होते इतकी वर्षं, तेव्हा नाही तोडला, आता शेंगा लागल्यावर तोडला. घराला करडा रंग द्यायचं केतनने सुचवलं. काका हो म्हणाले. आता घर करडं आहे.

नमिताने तिथलं आपलं नाव बंद केलं. केतनने तिला खूप समजावलं, दुसऱ्या नावाने जा, दुसऱ्या ठिकाणी जा. ती म्हणाली, "कुठेही गेले तरी मी बांधच बांधीन. तो ओळखेल." हेडसेट त्याच्या खोक्यात आणि खोकं कपाटावर गेलं. चालणं संपलं. तिचं चालणं एकदा चौथीत सुटलं होतं, तेव्हा निदान हळूहळू सुटलं होतं.

तिकडचा बांध मात्र आहे. त्या जागेवर काकांचंही नाव लावलेलं होतं आणि कुणीच फिरकलं नाही तर ते लोक जागा पुसून टाकतात. म्हणून काका रोज दुपारी जेवून चष्मा लावतात आणि उघाडीपाशी जाऊन बसतात. टीव्ही लावत नाहीत. कधीतरी मी विचारलं, "काका, कोण येतं आता?" म्हणाले, "येतात पोरं. विचारतात, चाचा कौन, ये किसका है. मी गप बसतो." कोरियातली आजी अजून येते म्हणे. ती काही विचारत नाही.

या मे महिन्यातली गोष्ट. रविवार होता, मी खाली नमितापाशी बसले होते. जाळीबाहेर एक तरुण येऊन उभा राहिला. हातात हळदीकुंकू लावलेल्या पत्रिकांचा गठ्ठा, चेहरा उन्हाने लाल झालेला. आमच्याकडे, म्हणजे इथे गावात, लग्नाचं बोलावणं घरी येऊनच करतात, फोनवर चालत नाही.

"काका, हौसेराव मढवींच्या वामनचं घर कुठलं?" त्याने विचारलं. "मोऱ्यावरनं आलोय. आजी म्हणाली, पिवळं घर, शेवगा आहे, कुणीही सांगेल. इथं तर पिवळं घरच नाय."

काका जाळीच्या आत उभे होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. शर्ट, बूट, पिशवी.

"कोन आजी?"

"पुतळाआजी. माझ्या बहिणीचं लग्न आहे."

"नाय," काका म्हणाले. "त्या नावाचं कोन नाय इथं."

पोरगा गोंधळला. "तळवलीच ना ही?"

"तलवलीच. पन कोन नाय."

तो वळला. माझ्या शेजारी नमिता काहीतरी म्हणत होती. काकांना ऐकू जाईना. मग तिने घंटी वाजवली, दोनदा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा वाजली असेल. काका आत आले.

"बाबा, तो पुतळाआत्याचा नातू होता."

"कशावरनं?"

"नाव सांगितलं ना त्याने. मोरा सांगितलं."

काका जाळीकडे बघत म्हणाले, "त्ये मी सगल्याना सांगितलंय, बाय. तिकरं बसून. कोन कोन ऐकत होतं, माना काय ठावं."

नमिता खिडकीकडे बघत म्हणाली, "उन्हाचा परत जाईल तो. मोऱ्यापर्यंत."

काकांनी चपला घातल्या, जाळीचं कुलूप उघडलं, बाहेरून लावलं, ओढून बघितलं आणि गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. गावदेवीच्या कोपऱ्यावर त्यांनी त्या पोराला गाठलं. तो रुमालाने मान पुसत उभा होता. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. पोराने वाकून नमस्कार केला नाही, म्हणजे ओळख पटली नसावी. पण पत्रिका दिली.

काका परत आले, कुलूप लावलं, पत्रिका नमिताच्या मांडीवर ठेवली. वर लाल शाईने लिहिलं होतं, श्री. वामन हौसेराव मढवी, सहकुटुंब सहपरिवार.

"काय सांगितलंत त्याला?" नमिताने विचारलं.

काका चपला काढत होते. "सांगितलं, माज्याकरं दे," ते म्हणाले. "कुटं भेटला तर पोचवीन त्याला."